तवंदी नावाच्या दोघी

निपाणी
३ ऑक्टोबर २०२४

शाल्मली,

तुझ्या खोलीचा पत्ता मला ठाऊक न्हाय, म्हणून हे पत्र गाण्याच्या कंपनीच्या पत्त्यावर पाठवतोय. पोचलं की कळीव.

रविवारी मी बसला आलो न्हाय. तू बेळगावहून माझी सीट धरून आली असशील. आप्पांची तब्येत एकदम बिघडली. रानात तंबाखू उभा हाय, आमचा थोरला गोमटेश अण्णा खताचं दुकान सोडून हलू शकत न्हाय. अशात घर टाकून पुण्याला कसं यायचं? तू जा पुढं. कंपनीनं दोघींना बोलावलंय हे खरं, पण एकीला बघून परत पाठवणार न्हाईत.

फोन करू नकोस. माझा फोन मी अण्णाच्या दुकानात देऊन टाकलाय, गिऱ्हाइकांसाठी. तुझ्या सात-सात मिनिटांच्या व्हॉइस नोट्स तितं तो आणि खत न्यायला आलेली माणसं ऐकत बसतील. कागदावर लिही. तुझं अक्षर वाईट हाय, तरी मला लागतं.

तितं विचारतील तुम्ही कोण, तवा नीट सांग. बेळगावच्या कॉलेजात भेटलो. तू अनगोळच्या शिक्षकाची पोरगी, मी निपाणीच्या जैन शेतकऱ्याची, घरात मराठी बी आणि कन्नड बी. पैल्या वर्षी गॅदरिंगला जाताना तवंदी घाटात बस बंद पडली, तितं रस्त्याकडंला बसून पैलं रॅप लिवलं, म्हणून दोघींचं नाव तवंदी. तीन वर्षांत अकरा गाणी झाली. गणपती विसर्जनाच्या ट्रकवरचा आपला व्हिडिओ एवढ्या लोकांनी बघितला, ते अकरावं. हे सगळं सांग. तू घाईत अर्धं विसरतेस.

पायाला भिंगरी लावल्यागत पळू नकोस. जेवत जा.

ब्राह्मी


पुणे
१४ ऑक्टोबर २०२४

ब्राह्मी,

पत्र मिळालं. ऑफिसातल्या माणसानं ते सगळ्यांसमोर हातात दिलं, तेव्हा दोघं-तिघं वळून बघत होते. हल्ली पत्र कुणाला येतं?

निपाणी स्टँडवर बस दहा मिनिटं थांबते. कंडक्टरच्या हातापाया पडून मी आणखी पाच मिनिटं थांबवली. खिडकीतून डोकं बाहेर काढून तुझ्या नावानं हाका मारत होते. लोक माझ्याकडं बघून हसत होते. बस हलली तशी तुझ्या सीटवर एक बाई केळीचा घड घेऊन बसली.

आप्पा आजारी आहेत म्हणतेस. माझे बाबा परवा निपाणीला गेले होते. आप्पा त्यांना बाजारात भेटले, सायकलवर. दोघांनी उभ्या उभ्या चहा घेतला. मग खरं काय ते सांग. अण्णानं अडवलं ना? स्थळं बघायला लागले असतील. गेल्या महिन्यापासून तू मेसेजलासुद्धा एका शब्दात उत्तर देत होतीस, 'बरं', 'हो', 'येतो'. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

इथं मी पंधरा दिवसांत तीन खोल्या बदलल्या. एका जागी झोप लागत नाही. गाणं बसवायला आशिष सर म्हणून आहेत. माणूस हुशार आहे, आवाज चढवत नाही, पण कात्री सतत हातात. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मुलगी आहेस, मग 'मी आलो' काय? 'मी आले' म्हण." मी म्हटलं, सर, कोल्हापूरपासून बेळगावपर्यंत आमच्याकडच्या पोरी आलो, गेलोच म्हणतात. आता माझे बाबा शिक्षक, म्हणून मी लिहिताना आले-गेले लिहिते, ते सोड. ते म्हणाले, "ऐकणाऱ्याला ती चूक वाटेल." मग कन्नड ओळीवर आले. "ही काढू. महाराष्ट्रात कोणाला कळणार?"

मी अजून हो म्हटलेलं नाही. पण तू शेजारी असतीस तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

विड्यांच्या गाण्याचं दुसरं कडवं कायम तूच म्हणायचीस. माझ्याकडं ते लिहिलेलं नाही. अण्णाच्या फोनवर रेकॉर्ड करून पाठव. लवकर.

शाल्मली


निपाणी
२५ ऑक्टोबर २०२४

शाल्मली,

रेकॉर्ड करणं जमणार न्हाय. लिहून देतो. एक आडवी रेघ हाय तितं श्वास घे, दोन रेघा हाईत तितं तू गप्प बस आणि ताल एकटा वाजू दे.

पान काप, दोरा ओढ – बोट माझं यंत्र न्हाय
तुझ्या सुपातनं पडली विडी – म्हणून मी काय भंगार न्हाय – –
मी आलो तवा कोण व्हतं – पाटी न्हाय की बोर्ड न्हाय
नावु इल्लियवरु – – हितनं मी हालत न्हाय

आशिष सरांना सांग, ती ओळ आपली न्हवंच, ती मालुबाईची हाय. आमच्या बोळात विड्या वळती ती. विड्या तपासणाऱ्यानं तिला मराठीत विचारलं, कुठली गं तू? ती कन्नडमधे बोलली, नावु इल्लियवरु, आम्ही हितलीच. पुढच्या महिन्यात कचेरीतल्या साहेबानं तेच कन्नडमधे विचारलं, तर तिनं मराठीत सांगितलं. दारात बसून आपल्याला सांगताना हसत व्हती, पण तिचा हात थांबला न्हवता. तू बी व्हतीस की तवा. ती ओळ काढली तर राहतं काय त्या गाण्यात?

स्थळाचं तू बरोबर ओळखलंस. बघायला लागलेत. आता त्याबद्दल काय विचारू नकोस.

मी रोज रानात जातो. घरी बसलो की डोकं भणभणतं. बांधावरनं ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत चालत राहतो. आई म्हणती, जमीन मोजायला लागलीस काय.

ब्राह्मी


पुणे
८ डिसेंबर २०२४

ब्राह्मी,

लिहायला सव्वा महिना लागला, रागावू नकोस. गाणं झालं. वीस तारखेला येईल.

आधीच सांगते. 'आलो'चं 'आले' झालं. कन्नड ओळ गेली, तिथं 'ही माझी माती' असं काहीतरी आलं. मी चार दिवस भांडले. पाचव्या दिवशी आशिष सर शांतपणे म्हणाले, "तुझी मैत्रीण कुठं आहे? तिला एवढं वाटतं तर ती इथं का नाही?" तुझ्याकडं तरी याचं उत्तर आहे का? लग्न करायचं म्हणून तू सगळं सोडून मोकळी झालीस आणि भांडायला मी उरले.

तू लिहिलेल्या दोन रेघा मात्र मी ठेवायला लावल्या. तिथं ताल एकटा वाजतो. तसा वाजला का, नीट ऐक आणि मला सांग. तालाखालचा जो जड धम्म ठोका होता, तो त्यांनी पातळ केलाय असं मला वाटतं. इथं सगळे छान छान म्हणतात. खरं बोलणारं माणूस इथं एकही नाही.

आता चौथी खोली. गॅलरीतून रेल्वेचे रूळ दिसतात. एका वाहिनीवर मुलाखत पण झाली. विशेष काही नाही, नाही बघितलीस तरी चालेल.

कुठल्या गावचा मुलगा आहे ते तरी सांग.

शाल्मली


निपाणी
२९ डिसेंबर २०२४

शाल्मली,

गाणं बघितलं. हिरवा शर्ट तुला चांगला दिसतो. तिसऱ्या ओळीला तू खांदा उडवतेस, ती सवय अजून गेली न्हाय. नाचणाऱ्या पोरी कशाला घेतल्या कळलं न्हाय. ताल बरोबर हाय.

मुलाखत बी बघितली. खाली अक्षरं येत व्हती, ती वाचली. त्या बाईनं विचारलं, तवंदी म्हणजे तुम्ही दोघी ना? तू म्हणालीस, "सुरुवातीला निपाणीची एक मैत्रीण होती, ती थोडी मदत करायची."

मी अण्णाला मागं घ्यायला लावलं आणि परत वाचलं. थोडी मदत.

अकरा गाण्यातली सात माझ्या वहीत माझ्या अक्षरात हाईत. हे मला कुणाला दाखवायचं न्हाय. माझं नाव तरी घ्यायला काय जात व्हतं? तीन अक्षरं बी न्हाईत.

तुझं चांगलं चाललंय, तसंच चालू दे. आता लिहू नकोस. मी उत्तर देणार न्हाय.

ब्राह्मी


निपाणी
१२ जानेवारी २०२५

चि. शाल्मलीस,
गोमटेशचा जय जिनेंद्र.

मी पत्रं लिहिणारा माणूस नाही, चुकलं-माकलं समजून घे. तुझी पत्रं मी वाचलेली नाहीत. पण परवा ब्राह्मीनं ती चुलीत घालायला काढली, तेव्हा आईनं तिच्या हातातून ओढून घेतली. त्यातलं एक वर पडलं होतं आणि त्यात माझं नाव दिसलं. मी तिला अडवलं, स्थळं बघतोय, असं तू समजून आहेस. म्हणून लिहिणं भाग आहे.

आमच्या घरात तिच्या लग्नाचा विषयसुद्धा निघालेला नाही. आप्पा ठणठणीत आहेत. पुण्याला जायला आमची कुणाची ना नव्हती. त्या रविवारी तिला स्टँडवर सोडायला मीच आलतो. बॅग भरलेली होती. तुझी बस लागली, तू खिडकीतून हाका मारायला लागलीस. ही रसवंतीच्या मागं उभी राहून तुझ्या तोंडाकडं बघत होती. मी म्हटलं, जा की, ती बोलावतीया. तर म्हणाली, "अण्णा, ती काय म्हणती ते मला कळंना." मग बस गेली.

तिचा उजवा कान गेला आहे. विसर्जनाच्या दिवशी ट्रकवर डॉल्बीच्या भिंतीला लागून ती चार तास उभी होती. मी खालून बघत होतो. आधी तू त्या बाजूला होतीस, तुला मळमळायला लागलं, मग तुम्ही जागा बदलली. दुसऱ्या दिवशी उठली ती उजवीकडून बहिरीच. डाव्या कानात सारखी शिट्टी वाजते. शांत खोलीत समोर बसून एकानं बोललं तर कळतं. फोनवरचं कळत नाही, गाणं तर अजिबात नाही, सगळा एक गोंगाट होतो म्हणते. तुझं गाणं तिनं माझ्या दुकानात बघितलं, स्पीकरला हात लावून. आवाज पूर्ण होता. गिऱ्हाईक ओरडलं, तेव्हा मी बारीक केला. तिला समजलं नाही.

आठवडाभर तिनं आम्हालाही सांगितलं नाही. पुण्याचं बोलावणं आलं होतं, म्हणून लपवलं. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, दुसऱ्या दिवशी आला असता तर काही आशा होती. ब्राह्मीनं मला विचारलं, "काय म्हणाले?" मला कागदावर लिहून दाखवावं लागलं.

मी तुला बोल लावत नाही. पण ती खोटं बोलत राहणार आणि तू खोट्यावर रागावत राहणार, हे मला बघवत नाही. हे पत्र टाकतोय हे मी तिला सांगितलं आहे.

वडिलांना नमस्कार सांग.

गोमटेश


पुणे
१९ जानेवारी २०२५

ब्राह्मी,

लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहिते आहे.

अण्णाचं पत्र मी जिन्यात उभी राहून वाचलं. वर जाता आलं नाही, खालीही जाता आलं नाही. जागा मी बदलायला लावली होती. मला मळमळत होतं. माझा कान गेला असता.

तुझ्यावर राग पण आहे, तो खोटा कशाला लपवू? चार महिने तू मला हवं ते समजू दिलंस. मी आप्पांवर संशय घेतला, अण्णाला मनातल्या मनात शिव्या दिल्या, न झालेल्या नवऱ्याचं गाव विचारलं. एका चिठ्ठीत कान गेलाय एवढं लिहिलं असतंस तर मी तशीच परत आले असते. म्हणूनच लिहिलं नाहीस, हे कळतं मला. पण ते ठरवणारी तू कोण?

आता माझं. मुलाखतीत मी जे बोलले ते कुणी कापून जोडलेलं नव्हतं. त्या बाईनं दोघी ना असं विचारलं आणि मला स्टँडवरची रिकामी सीट आठवली. वाटलं, हिला कळू दे. ठरवून बोलले. बोलल्यावर तोंड कडू झालं, पण परत घेतलं नाही. म्हणूनच तुला बघू नकोस लिहिलं होतं.

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. तीन गाण्यांच्या करारात तवंदी हे नाव कंपनीच्या मालकीचं होईल, असं लिहिलं होतं. मी वाचलं होतं. तुला विचारायला हवं होतं. त्याच दिवशी तुझं स्थळाचं पत्र आलं आणि मी त्या तिरीमिरीत सही केली. आता ते नाव आपलं नाही. मी वापरलं तरी त्यांचं म्हणून.

येत्या रविवारी मी निपाणीला येते आहे. दार लावून घेतलंस तरी येणार.

शाल्मली


निपाणी
३ फेब्रुवारी २०२५

शाल्मली,

त्या रविवारी जे बोलायचं व्हतं ते बोलता आलं न्हाय, म्हणून लिहितोय.

तू आलीस, माझ्या उजव्या बाजूला बसलीस आणि अर्धा तास बोललीस. मी मान हलवत व्हतो. आईनं तुला उठवून डाव्या बाजूला बसवलं, तवा तू परत पैल्यापासनं सगळं सांगितलंस आणि रडलीस. खरं सांगू? दुसऱ्यांदा बी मला निम्मंच कळलं. रडत बोललेलं मला लागत न्हाय आता. तुझं पत्र मात्र शब्दन् शब्द कळतं.

जागा तू मागितली न्हवतीस. तू नुसतं 'मला कसंतरी होतंय' म्हणालीस. मीच तुला हाताला धरून इकडं ओढलं आणि तिकडं गेलो. मला तितं उभं राहायचंच व्हतं. छातीत धम्म बसत व्हता, समोर सगळी निपाणी नाचत व्हती, मला वाटलं हे असंच जन्मभर चालावं. तवा त्याचा दोष तू घेऊ नकोस. मला बी तो देऊ नकोस.

लपवलं ते तुझ्यासाठी म्हणून, असं सगळ्यांना वाटतं. अण्णाला बी. तसं न्हाय. दुसऱ्या कुणाला सांगितलं की ते खरं होणार व्हतं. तू पुण्यात असलीस की मला वाटायचं, मी बी अजून बसमधेच हाय, जरा उशिरा पोचणार. आणि तुझा हेवा वाटायचा. हिरव्या शर्टाचा बी वाटला.

नावाचं मला लई लागलं. मुलाखतीपेक्षा जास्त. घाटात आपण दोघींनी ठेवलेलं ते. सही करताना तुला पत्राचा राग आलता म्हणतेस, आणि ते पत्र खोटं व्हतं, म्हणजे निम्मी सही माझीच झाली. असा हिशेब मी रात्रंदिवस करतो आणि तो काय सुटत न्हाय.

तू म्हणालीस सगळं सोडून येतो. दया म्हणून येणार असशील तर येऊ नकोस. मालुबाई बी माझ्याशी मोठ्यानं ओरडून बोलती आता, तेवढं पुरे. तुला काय करायचं असलं तर एकच कर. ते गाणं पुढच्या वेळी म्हणशील तवा ते कुणाचं हाय ते सांग.

ब्राह्मी


अनगोळ, बेळगाव
१८ मार्च २०२५

ब्राह्मी,

वरचा पत्ता बघून तुला कळलं असेल. आता सगळं क्रमानं सांगते.

शनिवारी कोल्हापूरला कार्यक्रम होता, मोठ्या मैदानावर, सहा जणांचा. माझी दोन गाणी. तू सीमेवर राहतेस, तेव्हा तुला सांगायला नको की गेले काही दिवस भाषेवरून वातावरण कसं होतं. इकडच्या बस तिकडं जात नव्हत्या. आशिष सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "रेकॉर्ड झालंय तेवढंच म्हणायचं. आज तर मुळीच काही वेगळं नको." मी बरं म्हटलं. तेव्हा मनात तसंच होतं. मी काही ठरवून गेले नव्हते.

दुसऱ्या कडव्याला माझाच आवाज स्पीकरमधून 'आले' म्हणाला आणि माझं तोंड बंद झालं. मी हात वर करून वाजवणाऱ्याला थांबवलं. मी म्हटलं, "हे गाणं माझं एकटीचं नाही. शब्द आणि ताल ब्राह्मीचा आहे. निपाणीची ब्राह्मी. मी सगळीकडं तिचं नाव गाळलं, ते आता घेते." मग वाद्याशिवाय ते कडवं म्हटलं, तुझ्या रेघांसकट. 'मी आलो' म्हटलं. कन्नड ओळ म्हटली.

टाळ्यांचा पाऊस पडला असं लिहायला मला आवडलं असतं. पुढच्या रांगेतली पोरं उठून "मराठीत, मराठीत" ओरडायला लागली. पाण्याची एक बाटली खांद्यावर लागली. शेवटची ओळ मी चुकले आणि परत म्हटली. उजवीकडून मात्र काही बायका शिट्ट्या मारत होत्या. त्या कुठल्या, कोण, मला माहीत नाही. मी उतरले तेव्हा दोन्ही आवाज चालू होते.

आशिष सर चिडले नाहीत. गाडीत पाण्याची बाटली पुढं करून म्हणाले, "तुला हे करायचं होतं तर आधी सांगायचं होतंस. बाकीच्या पाच जणांना मी आज कसा वर पाठवणार होतो?" त्यांचं चुकलं नाही. मी फक्त माझा विचार केला होता. तिसरं गाणं आता दुसरी मुलगी करणार. करार मोडला. नाव त्यांच्याकडंच राहिलं, ते परत मिळणार नाही, मी विचारून बघितलं.

एस्टी बंद, म्हणून सीमेपर्यंत रिक्षानं आले, बॅग घेऊन पलीकडं चालत आले आणि पुढची बस धरली. निपाणी स्टँडवर ती थांबली. मी उतरले नाही. तुझ्यासमोर काय म्हणून उभी राहू ते सुचत नव्हतं.

आता घरी आहे. बाबांनी माझ्या खोलीचा पंखा दुरुस्त करून ठेवलाय. सकाळी पोरांच्या शिकवण्या घेते. संध्याकाळी अनगोळच्या गल्ल्यांतून दोन-दोन तास चालते. दयेनं आलेले नाही. मला एकटीला लिहिताच येत नाही, हे पुण्यात सहा महिने रोज बघितलंय. तिथं मी एक ओळसुद्धा लिहिली नाही. हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

नाव नाही, कंपनी नाही. तरी परत दोघींनी लिहायला बसायचं का?

शाल्मली


निपाणी
११ जून २०२५

शाल्मली,

तीन महिने आपण दर गुरुवारी भेटतोय, तरी पत्र लिहितोय, कारण रविवारच्या कार्यक्रमानंतर तू माझ्याशी नजर मिळवली न्हाईस. तुला वाटतंय तू मला जबरदस्तीनं वर चढवलंस आणि माझं हसं झालं. मला काय वाटलं ते तू विचारलं न्हाईस.

हितल्या वाचनालयाचा हॉल, सत्तर-ऐंशी माणसं, एक बारका स्पीकर, तो बी लांब. पत्रिकेवर नुसती दोन नावं, शाल्मली आणि ब्राह्मी. मला ते तसंच बरं वाटलं. अण्णा आणि आप्पा दुसऱ्या रांगेत. मालुबाई आली न्हाय, तिला त्या दिवशी विड्या पोच करायच्या व्हत्या.

पैलं कडवं तुझं. तुझ्या बोटांकडं बघत मी ताल धरला व्हता. दुसरं माझं. तिसऱ्या ओळीला कुणीतरी खुर्ची ओढली, माझ्या डाव्या कानात शिट्टी चढली आणि सगळं गेलं. ताल कुठं, मी कुठं, काय कळंना. मी थांबलो. एवढ्या माणसांसमोर, तोंड उघडं ठेवून. मला वाटलं तू माझी ओळ उचलशील आणि पुढं नेशील. ट्रकवर तसंच करायचो की आपण, एक अडली की दुसरी ओढायची.

तू उचलली न्हाईस. तू बी थांबलीस. स्पीकर बंद करायला लावलास. माझ्या समोर येऊन उभी राहिलीस, लोकांकडं पाठ करून. लोकांना सहन होईना एवढा वेळ तू नुसती उभी व्हतीस. कुणीतरी खोकलं असणार, कुणी उठून गेलं असणार, मला त्यातलं काय ऐकू आलं न्हाय. मग मी परत पैल्या ओळीपासनं चालू केलं, आणि शेवटपर्यंत गेलो. हळू म्हटलं. त्या गाण्याला तशी हळू चालच बरी हाय, हे मला त्या दिवशी कळलं. आपण उगाच पळवत व्हतो ते.

आप्पा घरी आल्यावर कन्नडमधे आईला म्हणाले, पोरगी मधेच थांबली, पण खाली उतरली न्हाय. आईनं मला ते परत सांगितलं, समोर बसून.

मी बी तसंच समजतो. मोठ्या स्टेजवर मला आता जाता येणार न्हाय, आणि तुला जावंसं वाटंल तवा तू जा. मी अडवणार न्हाय, खोटं बी बोलणार न्हाय. पण बारक्या खोल्या लई हाईत. चिकोडीवाल्यांनी कार्यक्रमासाठी विचारलंय. त्यांना व्हय कळवतोय, तू न्हाय म्हणू नकोस.

तिसऱ्या ओळीतला एक शब्द मला हळू म्हणताना जड जातोय, तो बदलू या. पुढच्या गुरुवारी सकाळच्या बसनं अनगोळला येतो. तू तुला सुचलेलं लिहून ठेव, मी माझं आणतो. जो बरा असंल तो ठेवू.

ब्राह्मी